कोण गेलं, हे विचारायचं नसतं

व्हर्नामावशीबद्दल लिहायचं तर आधी राग बाजूला ठेव, असं माझा नवरा म्हणतो. मी ठेवणार नाही. शांतपणे लिहिणारे पुष्कळ झाले. आम्हा आदिवासींच्या झाडपाल्यावर त्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आणि ती वाचून लोक कुदळी घेऊन आले.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र पाण्याच्या टाकीपलीकडे जाईल असा. खालच्या शहरातल्या इस्पितळात तिनं एकतीस वर्षं चादरी धुतल्या. निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी केक आणला, तर म्हणाली, "केक राहू द्या, ती तीन नंबरची मशीन तेवढी दुरुस्त करा, पुढची बाई मरेल त्यात." पिकअप ट्रक ती अशी चालवते की समोरून येणारे आपणहून रस्त्याच्या कडेला थांबतात. नवरा गेल्यावर दुसरं लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणते, "धुणं धुऊन कंटाळले बाई."

सेजच्या बाबतीत मात्र ती थट्टा करत नाही. पांढरा सेज आमच्याकडे डोंगरउतारावर वाढतो, कमरेएवढा, राखाडी-पांढऱ्या पानांचा, आणि वसंतात त्यावर मधमाश्यांचा नुसता गजर चालतो. सर्दी झाली की मावशी पानं उकळून पाजते. त्याचं बी भाजून दळलं की लापशीत चांगलं लागतं. मामा शिकारीला निघाला की पाला अंगाला चोळायचा, म्हणजे हरणाला माणसाचा वास येत नाही. आणि घरातलं माणूस गेलं की सेज जाळतात. एवढंच. चक्रं कुणाची ती आम्हाला ठाऊक नाहीत.

ही चक्रांची भानगड मावशीला पहिल्यांदा कळली ती इस्पितळात. एक पेशंट बाई सांगत होती की हा पाला जाळला की शरीरातली सात चक्रं मोकळी होतात, ही भारतातली प्राचीन विद्या आहे. मावशीनं संध्याकाळी तिथल्या भारतीय डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं, "काय हो, तुमच्याकडे आमचा सेज जाळतात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी धूप जाळायचे. हा पाला मी इथं येऊन पहिल्यांदा पाहिला." मावशी घरी येऊन आईला म्हणाली, "चक्रं त्यांची, पाला आपला, आणि दुकान तिसऱ्याचंच."

टाकीच्या मागे डोंगराची एक घळ आहे. मावशी दहा वर्षांची आणि आई सात वर्षांची असताना तो सगळा डोंगर वणव्यात जळाला. आजीनं जपून ठेवलेलं बी तिथं टाकलं आणि या दोघी बहिणी दोन उन्हाळे दुधाच्या कॅनमधून पाणी वाहत होत्या. त्यातून ती घळ पुन्हा पांढरी झाली. तेव्हापासून साठ वर्षं या दोघींनी ती राखली. राखली म्हणजे कुंपण घातलं नाही. दरवर्षी गेल्या, जुन्या काड्या मोडल्या, शेंडे खुडले. खुडायचं ते नखानं, कात्रीनं नाही. समोर पहिलं दिसलेलं झुडूप सोडून द्यायचं, प्रत्येकाचे दोन-तीनच शेंडे घ्यायचे, मुळाला हात लावायचा नाही. मावशी खुडताना झुडपांना रागावते सुद्धा: "काय गं, गेल्या वर्षी एवढं पाणी पडलं आणि तुझं हे असं?" कागदावर ती घळ आमची नाही. आमच्या वस्तीची हद्द टाकीपाशीच संपते.

आई गेली ती दोन वर्षांपूर्वी, एप्रिलच्या शेवटी. शेवटच्या आठवड्यात तिला बोलताना धाप लागायची, तरी तिनं मावशीचा हात धरून सांगितलं, "वर्षाच्या दिवशी घळीतलाच सेज हं. दुसरीकडचा नको." मावशी म्हणाली, "मग काय दुकानातून आणू?" दोघी हसल्या होत्या.

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर त्याचं नाव घेत नाहीत. फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतात. वर्षाच्या दिवशी सगळे जमतात, भोपळ्याचे खुळखुळे घेऊन गाणारे बसतात, सेज जाळतात, गेलेल्या माणसाचे कपडे जाळतात आणि मग घरातलं सगळ्यात थोर माणूस मोठ्यानं त्याचं नाव घेतं. तिथून पुढे कुणीही घ्यावं. नाव घ्यायचं नाही म्हणून विचारायचंही नाही. दारात कुणी आलं आणि म्हणालं, "घरातलं माणूस गेलंय, सेज हवाय," तर कोण गेलं, कसं गेलं, काही विचारत नाहीत. द्यायचा. नाही म्हणायचं नाही आणि पैसे घ्यायचे नाहीत. मावशीच्या दारात आमच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांतून लोक यायचे. हातातलं काम टाकून ती उठायची.

आता ब्रिन.

मावशी शनिवारी बाहेरच्या लोकांना घेऊन डोंगरवाटेनं फिरायची, झाडं दाखवायची. वस्तीच्या सभागृहाकडून ठरलेलं काम होतं ते. लोकांना कळलं की ते ओरबाडणार नाहीत, असा तिचा भाबडा हिशोब. मी तेव्हाच म्हणाले होते, "मावशी, चोराला घर दाखवतेयस." ती म्हणाली, "तू सगळ्यांना चोरच समजतेस. बस चालवून चालवून डोकं फिरलंय तुझं." मी शाळेची बस चालवते, डोकं थोडं फिरतंच.

ब्रिन हॅलोवे तीन वसंत येत होती. पस्तिशी-चाळिशीची, सुती झब्बा, गळ्यात मणी. लिंबाचा केक करून आणायची. मावशीची पिशवी स्वतः उचलायची. ती मावशीला "आजी" म्हणायची. मावशीला स्वतःची सहा नातवंडं आहेत आणि त्यांतलं एकही तिची पिशवी उचलत नाही, म्हणून असेल, मावशीला ते आवडायचं. चुलीवरची कॉफी तिला मिळायची, ओकच्या फळांची लापशी मिळायची. वहीत ती सगळं टिपून घ्यायची. माणूस गेल्यावर काय करतात, नाव का घेत नाहीत, विचारत का नाहीत, हे सगळं.

आई गेल्यानंतरच्या मार्चच्या मध्यावर एका दुपारी ती मावशीच्या पायरीवर येऊन बसली. मी तिथंच होते, मावशीच्या नळाचा वायसर बदलत होते. ब्रिनचे डोळे सुजलेले होते, हे मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. म्हणाली, "आजी, घरातलं माणूस गेलंय. सेज हवाय."

मावशीनं हात पुसले. एक शब्द विचारला नाही. ट्रकची किल्ली घेतली आणि तिला टाकीमागच्या घळीत घेऊन गेली. शनिवारच्या वाटेवर ती घळ कधीच नव्हती. तिथं मावशी बाहेरच्या कुणाला नेत नसे. पण गेलेल्या माणसासाठी मागितलं तर चांगल्यातला चांगलाच द्यायचा. दोघींनी मिळून उशीची एक खोळ भरून पाला खुडला. परत आल्यावर मावशी मला म्हणाली, "पोर थरथरत होती गं." त्यातलाच थोडा पाला मावशीनं घरी आणला होता. तो कागदी पिशवीत घालून चुलीवर टांगला, वाळायला. म्हणाली, बाकीचा आईच्या दिवसाच्या आधी जाऊन खुडू, ताजा.

दहा दिवसांनी आम्ही दोघी गेलो. वळणावरून वर पाहिलं तर घळ तपकिरी दिसली. मला वाटलं, उन्हामुळे. जवळ गेल्यावर कळलं.

एकही झुडूप उभं नव्हतं. शेंडे घेतले असते तरी मी समजले असते; यांनी मुळासकट उपटलं होतं. वरचा भाग छाटून नेला होता आणि बुंधे तिथंच टाकून दिले होते, मुळं वर करून. जाड टायरच्या खुणा टाकीपर्यंत गेलेल्या. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, एक रबरी हातमोजा, थंड पेयाच्या बाटल्या. मधमाश्या अजून येत होत्या आणि त्या खड्ड्यांवर फिरत होत्या. मावशी एका खड्ड्यापाशी खाली बसली आणि उपटलेला बुंधा पुन्हा त्यात ठेवून हातानं माती ओढायला लागली. मी म्हणाले, "मावशी, सुकलाय तो." ती म्हणाली, "दिसतंय मला," आणि माती ओढतच राहिली.

एक अधिकारी येऊन फोटो काढून गेला. जमीन तुमची नाही, मग तक्रार तुमची कशी, असं म्हणाला. वर, "परत उगवेलच की," हेही म्हणाला. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही, कारण हे माझ्या मुली वाचतील.

कुणी केलं हे कळायला मात्र वेळ लागला नाही. धाकटीनं फोनवर दाखवलं. ब्रिनचं शहरात ध्यानाच्या सामानाचं दुकान आहे; त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर सेजच्या जुड्यांचे फोटो होते आणि खाली लिहिलं होतं, एका आदिवासी आजीनं स्वतः दाखवलेल्या पवित्र डोंगरावरून आणलेला, शुद्धीसाठी आणि चक्रांच्या संतुलनासाठी. सोबत घळीतून वर चढणाऱ्या एका म्हातारीचा पाठमोरा फोटो. ते जांभळं स्वेटर मीच मावशीला दिलेलं आहे.

मावशीनं फोटो बघितला, फोन परत दिला आणि म्हणाली, "गाडी काढ."

दुकान शहरातल्या चांगल्या भागात होतं. पितळी वाडगे, सात रंगांच्या मेणबत्त्या, भिंतीवर ध्यानाला बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत सात रंगीत ठिपके. मध्ये एक भलीमोठी वेताची टोपली आणि तीत जुड्या. प्रत्येक जुडीला एका चक्राच्या रंगाचा दोरा. हृदयाचा हिरवा, गळ्याचा निळा. मावशीनं एक जुडी उचलली, उलटी केली आणि काड्या बघितल्या. नखानं शेंडा खुडला की तिथून दोन फांद्या फुटतात. पुढच्या वर्षी त्या खुडल्या की आणखी दोन. कात्रीचा घाव सपाट असतो, नखाचा असा तिरपा, बारीक गाठीचा. मावशीनं अंगठा त्या गाठींवरून फिरवला. "ही तुझ्या आईची," ती मला म्हणाली. "ती डावरी होती. तिचा घाव असा इकडे कलतो."

तेवढ्यात आतून ब्रिन आली. "आजी!" म्हणून दोन्ही हात पसरले. दुकानात तीन-चार बायका होत्या, त्या कौतुकानं बघायला लागल्या.

मावशी जागची हलली नाही. नीट सरळ उभी राहिली आणि जसं म्हणतात तसंच म्हणाली, "माझ्या घरातलं माणूस गेलंय. सेज हवाय."

मला वाटलं, आता तरी ही बाई लाजेल. तिनं छातीवर हात ठेवला. "अरेरे! कोण गेलं, आजी? नाव काय त्यांचं? मी त्यांच्यासाठी मेणबत्ती लावते." मग टोपलीकडे वळून म्हणाली, "एक जुडी अठरा डॉलरची आहे, पण तुम्हाला मी निम्म्यात देईन."

माझा तोल गेला. मी म्हणाले, "त्या दिवशी तुझ्याकडचं कोण गेलं होतं गं? तुला विचारलं तर चालतं ना? सांग की. कोण मेलं होतं?"

ती लाल झाली. मला नाही, त्या बायकांना उद्देशून बोलावं तशी बोलली. "मी तेव्हा फार वाईट काळातून जात होते. दुकान बंद पडायला आलं होतं. आणि आजींनीच सांगितलं होतं, असं म्हटलं की तुम्ही लोक नाही म्हणत नाही. मी स्वतः उपटलं नाही काही. मी फक्त पाला पुरवणाऱ्या माणसांना जागा सांगितली. त्यांनी इतकं न्यावं असं माझ्या मनात नव्हतं."

म्हणजे कुणी गेलंच नव्हतं. मी टोपलीला हात घातला. सगळी उचलून ट्रकमध्ये टाकणार होते. अडवायला आली असती तर तिच्या त्या मण्यांसकट तिला टाकली असती. मावशीनं माझं मनगट धरलं. चादरी पिळलेले हात आहेत ते, सुटत नाहीत. "सोड," ती म्हणाली. "विकत घेतलेला नको आणि हिसकावलेलाही नको. तुझ्या आईसाठी नको."

"मावशी, अगं आपलाच आहे तो!"

"सोड म्हणते ना."

मी सोडला. आजही मला त्याचा पश्चात्ताप होतो. घराशी उतरताना मावशी म्हणाली, "पिशवीत आहे तेवढ्यात भागेल. मूठभर आहे. तिला मूठभर पुरे."

तेव्हापासून मावशी बदलली. शनिवारचं फिरणं बंद केलं, ते बरंच झालं. पण दार वाजलं की आधी पडद्याआडून बघायला लागली. येता-जाता चुलीवरच्या त्या पिशवीकडे बघायची. एकदा मी पिशवी जरा बाजूला सरकवली तर माझ्यावर खेकसली.

वर्षाच्या दिवसाला आठवडा राहिला होता. मी मावशीच्या स्वयंपाकघरात आईचे कपडे घड्या घालून खोक्यात भरत होते. सकाळी दहाचा सुमार. दार वाजलं. रस्त्याच्या कामावरचं नारिंगी जाकीट घातलेला, पन्नाशीचा एक माणूस दारात उभा होता, टोपी हातात धरून. आमच्यातलाच दिसत होता, पण ओळखीचा नव्हता. तो लायनेल, हे नंतर कळलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या वस्तीतला, पण वीस वर्षं शहरात राहणारा.

"घरातलं माणूस गेलंय," तो म्हणाला. "तुमच्याकडे मिळेल असं सांगितलं. सेज हवाय."

मावशी जागची हलली नाही. तिनं एकदा मान वळवून चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोण?"

त्याला वाटलं असावं, आपण कोण ते विचारतेय. कुठल्या वस्तीतला, कुणाचा नातू, ते त्यानं सांगितलं.

"ते नाही," मावशी म्हणाली. "गेलं कोण? नाव सांग."

मी आयुष्यात आमच्या कुणाच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. त्या माणसाची पंचाईत मला दिसत होती. वर्षाच्या आत नाव घ्यायचं नाही. आणि वडीलधाऱ्या बाईनं विचारलं तर गप्प राहायचं नाही, हेही त्याला आईबापांनी शिकवलेलं. टोपी त्यानं हातात एकदा पूर्ण फिरवली.

"मर्सेलीन," तो म्हणाला. "माझी बायको. परवा."

आणि त्याचं तोंड वाकडं झालं. एवढा मोठा माणूस, दाराच्या चौकटीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. परवापासून त्यानं ते नाव दाबून धरलं असणार.

मावशी आत आली. पिशवी काढली आणि सगळीच्या सगळी त्याच्या हातात दिली. मी "मावशी, थोडा तरी ठेव," असं म्हणणार होते, पण तिचा चेहरा बघितला आणि पुन्हा घड्या घालायला लागले. तो "अर्धा पुरे" म्हणत होता. तिनं त्याच्या जाकिटाच्या आत पिशवी कोंबली आणि म्हणाली, "जा, बाबा. जा आता." त्याची गाडी गेल्यावर ती दारातच खाली बसली. जुनी झुडपं उपटलेली बघून ती रडली नव्हती. आता रडली. मध्येच म्हणाली, "मी विचारलं गं. खरं तर मला तो द्यायचाच नव्हता." मी म्हणाले, "त्या बयेमुळे, मावशी." तर माझ्यावरच ओरडली, "तोंड माझं होतं! तिचं नव्हतं!"

आईचं वर्ष झालं. शेजारच्या वस्तीतल्या लोकांनी त्यांच्या डोंगरावरचा सेज आणला, मायेनं आणला, आणि तोच आम्ही जाळला. आईनं नको म्हटलेला, दुसरीकडचा. गाणारे रात्रभर गायले. उजाडल्यावर कपडे जाळून झाले आणि सगळे मावशीकडे बघायला लागले, कारण थोरली तीच.

मावशी उठली नाही. मी वाकून म्हणाले, "मावशी, चल. नाव घे."

"तू घे."

"तू थोरली आहेस. तुझंच काम आहे."

"ज्याचं घ्यायचं नव्हतं ते मी एकाला घ्यायला लावलं," ती म्हणाली. "आता तिचं कुठल्या तोंडानं घेऊ? तू घे."

साठ वर्षं जिच्यासोबत ती घळ राखली, तिचं नाव मोठ्यानं घेण्याचा एकच दिवस मावशीला मिळायचा होता. एका बाईचं दुकान चालावं म्हणून तो गेला. माझ्या नवऱ्याला मी पुन्हा सांगते, राग बाजूला ठेवणार नाही.

मी उभी राहिले आणि आईचं नाव घेतलं. सगळ्यांनी ते माझ्यामागून म्हटलं. मावशीचे ओठ मिटलेलेच होते.